जावा वेब सर्व्हिसमध्ये लॉगिन होते, पण रोल मिळत नाही: दर हंगामात परत येणाऱ्या अडचणीचे निवारण

कोल्हापूर परिसरातील एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आमच्या कार्यालयाने लिहिलेली वेब सर्व्हिस वर्षभर शांत असते, आणि गळीत हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच तिच्याबद्दल एकच तक्रार येते. काट्यावरचा क्लार्क लॉगिन करतो, उसाने भरलेल्या ट्रॉलीचे वजन नोंदवतो, रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा होऊन पावतीही निघते. मात्र चुकलेली पावती दुरुस्त करण्यासाठी उसाचा हिशेब पाहणाऱ्या केन अकौंटंटने आपल्या खात्याने लॉगिन केले, की ‘हा अधिकार आपणास नाही’ असे उत्तर मिळते. एका हंगामात रात्री साडेअकराला फोन आला, तेव्हा काट्यावरचा क्लार्क म्हणाला, “साहेब, पासवर्ड बरोबर हाय, वर नाव बी दिसतंय, पण दुरुस्ती म्हटलं की नाही म्हणतंय. मागं चाळीस ट्रॉल्या उभ्या हाईत.”

अशा वेळी रोलची, म्हणजे वापरकर्त्याला काय करण्याचा अधिकार आहे हे ठरवणाऱ्या भूमिकेची, तपासणी तेवढ्यापुरती काढून टाकावी असा मोह होतो. तो कृपया टाळावा. पावतीवरचे वजन म्हणजे शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न असते, आणि ते कोणाला बदलता येईल हे ठरवणारी ती एकच ओळ असते. तात्पुरती म्हणून काढलेली ओळ हंगाम संपेपर्यंत परत कोणी घालत नाही, हे मी पाहिले आहे. त्यापेक्षा रोल कोठे हरवतो ते शोधणे अर्ध्या तासाचे काम आहे, फक्त ते योग्य क्रमाने करावे लागते. तो क्रम येथे लिहून ठेवत आहे. मेथड, टॅग आणि फाइल यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती मूळ स्पेलिंगनेच लिहावीत.

प्रथम हे स्पष्ट असावे की रोलविषयीचा प्रश्न कोणाला विचारायचा. सोप पद्धतीच्या, म्हणजे जॅक्स-डब्ल्यूएस सर्व्हिसमध्ये ‘वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट’ हा ऑब्जेक्ट ‘रिसोर्स’ ॲनोटेशनने (कोडवर लिहिलेल्या खुणेने) मागवला जातो. रेस्ट पद्धतीच्या जॅक्स-आरएस सर्व्हिसमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ ॲनोटेशनने ‘सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट’ मिळतो, आणि सर्व्हिस एंटरप्राइज जावा बीनच्या रूपात असेल तर ‘सेशनकॉन्टेक्स्ट’ असतो. पहिल्या दोघांकडे ‘गेटयूजरप्रिन्सिपल’ आणि ‘इजयूजरइनरोल’ या मेथड आहेत. बीनकडे त्याच अर्थाच्या ‘गेटकॉलरप्रिन्सिपल’ आणि ‘इजकॉलरइनरोल’ आहेत. म्हणजे या वस्तू एक नाव सांगतात आणि ‘या व्यक्तीकडे अमुक रोल आहे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर देतात. वापरकर्त्याच्या सर्व रोलची यादी देणारी मेथड यांपैकी कोणाकडेच नाही. नवीन आलेले अनेक प्रोग्रामर ती यादी शोधण्यात दिवस घालवतात आणि शेवटी कंटेनरच्या, म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या सर्व्हरच्या, आतल्या क्लासपर्यंत हात घालतात. असा कोड सर्व्हर बदलताच मोडतो. यादी हवीच असेल तर आपल्या ॲप्लिकेशनने जाहीर केलेले रोल एकेक घेऊन प्रत्येकासाठी ‘इजयूजरइनरोल’ विचारावे. आमच्याकडे असे चारच रोल आहेत, आणि बहुतेक ॲप्लिकेशनमध्ये ही संख्या डझनाच्या आतच असते.

कॉन्टेक्स्ट स्वतःच ‘नल’ (रिकामा) मिळत असेल तर सर्व्हिसचा क्लास कंटेनरऐवजी आपल्याच कोडने ‘न्यू’ करून बनवलेला असतो, आणि अशा ऑब्जेक्टमध्ये कंटेनर काहीही भरत नाही. हे प्रकरण तिथेच संपते.

नाव येते का, हे आधी पाहावे

तक्रार आली की आम्ही सर्वांत आधी एक लहानशी तपासणी मेथड तात्पुरती जोडतो. तिचे नाव आमच्याकडे ‘मीकोण’ असे आहे. ती तीन गोष्टी लॉगमध्ये लिहिते: प्रिन्सिपलचे, म्हणजे कंटेनरने ओळखलेल्या व्यक्तीचे, नाव, ओळख कोणत्या पद्धतीने पटवली गेली ती पद्धत, आणि चारही रोलपुढे हो किंवा नाही. सोप सर्व्हिसमध्ये पद्धत पाहण्यासाठी ‘मेसेजकॉन्टेक्स्ट’मधून मूळ सर्व्हलेट रिक्वेस्ट काढून तिला ‘गेटऑथटाइप’ विचारावे लागते. ही मेथड काम झाल्यावर काढून टाकावी, कारण ती लॉग वाचणाऱ्या कोणालाही रोलची नावे सांगते.

या तीन ओळींवरून पुढची दिशा ठरते. प्रिन्सिपल ‘नल’ असेल तर रोलविषयी विचार करण्यातच अर्थ नाही; कंटेनरने त्या व्यक्तीला ओळखलेलेच नाही आणि म्हणून प्रत्येक रोलला उत्तर ‘नाही’ येणार. बीनच्या बाबतीत मात्र एक फसगत आहे: ‘गेटकॉलरप्रिन्सिपल’ कधीही ‘नल’ देत नाही, ओळख पटली नसली तरी अनामिक व्यक्तीचा एक प्रिन्सिपल देते. त्यामुळे तिथे ‘नल’ आहे का असे न पाहता प्रत्यक्ष नाव छापून पाहावे. ‘पण स्क्रीनवर नाव दिसते आहे’ हे काट्यावरचे म्हणणे येथे पुरावा ठरत नाही. आमच्या स्क्रीनवर दिसणारे नाव हे क्लायंटने स्वतःच्या मेमरीतून दाखवलेले होते, सर्व्हरला ते माहीत असेलच असे नाही.

प्रिन्सिपल ‘नल’ येण्याचे जे कारण मला सर्वाधिक वेळा आढळले ते ‘वेब डॉट एक्सएमएल’ फाइलमधील एका ओळीत होते, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. या फाइलमध्ये ‘सिक्युरिटी-कन्स्ट्रेंट’ टॅगखाली कोणता पत्ता सुरक्षित आहे ते लिहितात आणि त्यातच ‘एचटीटीपी-मेथड’ (‘गेट’, ‘पोस्ट’ असा विनंतीचा प्रकार) हा टॅगही लिहिता येतो. कोणीतरी उदाहरणातून नक्कल करताना तिथे फक्त ‘गेट’ लिहून ठेवले होते. ब्राउझरमध्ये सर्व्हिसचा डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचे वर्णन करणारी फाइल) उघडला की पासवर्ड विचारला जाई, आणि ते पाहून सर्वांचे समाधान होई की सर्व्हिस सुरक्षित आहे. परंतु डब्ल्यूएसडीएल ‘गेट’ने येतो आणि सोपचे प्रत्यक्ष काम ‘पोस्ट’ने होते. म्हणजे दाराची पाटी कुलूपबंद होती आणि दार उघडे होते. क्लायंट आपले नाव आणि पासवर्ड हेडरमध्ये इमानाने पाठवत होता, पण सुरक्षित म्हणून न नोंदवलेल्या मार्गावर कंटेनर साधारणपणे त्या हेडरकडे पाहतच नाही. दुरुस्तीची मेथड रोल तपासत असल्यामुळे ती नाकारली जात होती आणि म्हणून तक्रार आली. वजन नोंदवण्याच्या मेथडमध्ये तपासणी नव्हती, त्यामुळे ती कारखान्याच्या नेटवर्कवरील कोणत्याही संगणकावरून, कोणतेही नाव न सांगता चालली असती. माझ्या मते खरी गंभीर गोष्ट ती होती, आणि तिची तक्रार कधीच कोणाकडून आली नसती.

उपाय असा की ‘एचटीटीपी-मेथड’ हा टॅग पूर्णपणे काढून टाकावा. तो नसला की त्या पत्त्यावरील सर्व मेथड सुरक्षित होतात. मात्र असे करताच दुसरी अडचण उभी राहते. जावाचा सोप क्लायंट सुरुवातीलाच सर्व्हरवरून डब्ल्यूएसडीएल आणतो, आणि नाव-पासवर्ड ‘बाइंडिंगप्रोव्हायडर’मध्ये भरण्याची संधी त्यानंतर येते, म्हणून क्लायंट पहिल्याच पायरीवर 401 (ओळख पटली नाही) घेऊन थांबतो. बहुधा हे टाळण्यासाठीच लोक पुन्हा मेथडची यादी लिहायला जातात आणि चक्र नव्याने सुरू होते. आम्ही डब्ल्यूएसडीएलची प्रत क्लायंटच्याच जारमध्ये ठेवतो आणि तिथून वाचतो, त्यामुळे सर्व्हरवरचे सर्व मार्ग बंद ठेवता येतात. डब्ल्यूएसडीएल उघडा ठेवणे भागच असेल तर ‘गेट’साठी ‘ऑथ-कन्स्ट्रेंट’ नसलेला वेगळा कन्स्ट्रेंट लिहावा आणि सर्व्हलेट 3.1 पासून उपलब्ध असलेला ‘डिनाय-अनकव्हर्ड-एचटीटीपी-मेथड्स’ हा टॅग जोडावा, म्हणजे यादीत न आलेल्या मेथड नाकारल्या जातील. येथे एक बारीक फरक लक्षात ठेवावा: ‘ऑथ-कन्स्ट्रेंट’ टॅग मुळीच नसणे म्हणजे सर्वांना मोकळीक, आणि तो टॅग असून रिकामा असणे म्हणजे कोणालाही प्रवेश नाही.

सर्व्हिस बीनच्या रूपात असेल तर ‘वेब डॉट एक्सएमएल’मध्ये कितीही लिहिले तरी उपयोग होत नाही, कारण तिचा पत्ता त्या फाइलच्या कक्षेत येत नाही. ग्लासफिश या सर्व्हरवर ‘ग्लासफिश-ईजेबी-जार’ या फाइलमध्ये त्या एंडपॉइंटखाली लॉगिनची पद्धत आणि रिअल्म (वापरकर्त्यांची नोंद जेथे आहे ती जागा) लिहावे लागतात. या एका गोष्टीवर आमचे दोन पूर्ण दिवस गेले होते.

ओळख सोपच्या हेडरमधून पटवली जात असेल, म्हणजे डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा ‘यूजरनेमटोकन’ वापरला असेल, तरी हेच सूत्र लागू होते. सर्व्हलेट कंटेनर सोपच्या पाकिटात डोकावत नाही. अपाचे सीएक्सएफ या लायब्ररीमध्ये टोकन तपासणारा इंटरसेप्टर पासवर्डची खातरजमा करून नाव पुढे देतो, पण रोल कोठून आणायचे हे त्याला माहीत नसते. त्यासाठी ‘जासलॉगिनइंटरसेप्टर’ जोडून रोल देणाऱ्या लॉगिन मोड्यूलशी गाठ घालावी लागते.

नाव येते, पण प्रत्येक रोलला उत्तर ‘नाही’

आमच्या त्या रात्रीच्या फोनचे कारण हेच होते. लॉगमध्ये केन अकौंटंटचे खाते स्वच्छ दिसत होते, पद्धत ‘बेसिक’ दिसत होती, आणि चारही रोलपुढे ‘नाही’ होते. राजारामपुरीतल्या आमच्या कार्यालयात त्याच कोडवर, त्याच खात्याने, दुरुस्ती विनातक्रार चालत होती. फरक एवढाच होता की आमच्या टेबलावर टॉमकॅट होता आणि कारखान्याच्या सर्व्हर खोलीत ग्लासफिश.

यामागची गोष्ट समजली की ही अडचण पुन्हा कधी गोंधळात टाकत नाही. वापरकर्ते ज्या ठिकाणी नोंदलेले असतात, मग ते डेटाबेसमधले टेबल असो वा एलडॅप डिरेक्टरी, तिथे त्यांचे गट असतात. ‘लेखा विभाग’, ‘शेतकी विभाग’, ‘काटा’ हे गट कारखान्याच्या व्यवस्थेचे आहेत. ‘वजन दुरुस्ती करणारा’ हा रोल ॲप्लिकेशनचा आहे. कोडमध्ये रोलचे नाव लिहिलेले असते, गटाचे कधीच नसते, आणि हा गट त्या रोलमध्ये बसतो असे कोणीतरी तिसऱ्या जागी लिहून ठेवावे लागते. टॉमकॅटमध्ये हा टप्पा वेगळा जाणवत नाही, कारण त्याचा रिअल्म टेबलमधून जे नाव वाचतो तेच थेट रोल म्हणून वापरतो. ग्लासफिशमध्ये मात्र ‘ग्लासफिश-वेब डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये ‘सिक्युरिटी-रोल-मॅपिंग’ टॅगखाली रोलचे नाव आणि त्याच्यासमोर गटाचे किंवा व्यक्तीचे नाव लिहावे लागते. वेबलॉजिकमध्ये हेच काम ‘वेबलॉजिक डॉट एक्सएमएल’मधील ‘सिक्युरिटी-रोल-असाइनमेंट’ करते. ही ओळ नसेल तर ग्लासफिश त्या व्यक्तीला ओळखतो, तिचा गटही ओळखतो, आणि तरीही प्रत्येक रोलला नकार देतो. लॉगमध्ये कोणतीही चूक दिसत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

ग्लासफिशच्या प्रशासन पानावर सिक्युरिटीखाली ‘डीफॉल्ट प्रिन्सिपल टू रोल मॅपिंग’ अशी एक खूण आहे. ती केली की गटाचे आणि रोलचे नाव एकच असल्यास जुळणी आपोआप धरली जाते. अनेकजण ती खूण करून पुन्हा लॉगिन करून पाहतात आणि फरक पडला नाही म्हणून ती काढून टाकतात. ही जुळणी ॲप्लिकेशन डिप्लॉय होताना लावली जाते, म्हणून खूण केल्यानंतर ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय करावे लागते. पुढे 2017 मध्ये जावा ईई 8 सोबत आलेल्या सिक्युरिटी एपीआयने एकाच नावाच्या गटाची आणि रोलची जुळणी मुळातच धरावी असे ठरवले, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हा त्रास कमी झाला आहे. तरी माझे मत असे आहे की जुळणी फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलीच बरी. लेखा विभागातले सर्वजण वजन दुरुस्त करू शकतील का, हा निर्णय योगायोगाने जुळलेल्या नावावर सोडू नये.

दर हंगामात अडचण परत का येते, त्याचेही उत्तर यातच आहे. कोड बदललेला नसतो. पावसाळ्यात कोणीतरी सर्व्हर नव्याने बसवतो, जुनी वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे बांधलेले पॅकेज) त्यावर ठेवतो, आणि रिअल्म किंवा ती खूण जुन्या सर्व्हरबरोबरच राहून जाते. नाहीतर खाते विभाग गटाचे नाव ‘केन अकौंट’वरून ‘केन अकौंट्स’ असे करतो. रोलची आणि गटाची नावे अक्षराला अक्षर जुळावी लागतात, त्यात इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही, आणि डेटाबेसमध्ये नावामागे राहिलेली एक रिकामी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. एकदा आम्हाला ती सापडली तेव्हा नावाची लांबी मोजून सापडली: अक्षरे अकरा होती आणि डेटाबेस बारा सांगत होता.

ॲनोटेशन लिहिले आहे, म्हणून तपासणी होतेच असे नाही

आतापर्यंतच्या तक्रारींत अधिकार असलेल्याला नकार मिळत होता. याच्या उलट प्रकार अधिक चिंतेचा आहे, कारण त्यात कोणीही फोन करत नाही. मेथडवर ‘रोल्सअलाउड’ हे ॲनोटेशन लिहिलेले असते, वाचणाऱ्याला वाटते की येथे पहारा आहे, आणि प्रत्यक्षात ते ॲनोटेशन कोणी वाचतच नाही. साध्या क्लासच्या जॅक्स-डब्ल्यूएस सर्व्हिसवर त्याची अंमलबजावणी होईल असे धरून चालू नये. ते मुळात बीनसाठी आहे. जर्सी या लायब्ररीवर चालणाऱ्या रेस्ट सर्व्हिसमध्ये ‘रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर’ हा क्लास नोंदवला तरच ते लागू होते. जुन्या ‘जावाएक्स’ पॅकेजमधले ॲनोटेशन नव्या ‘जकार्ता’ पॅकेजच्या सर्व्हरवर आले तरीही हेच होते. हा नावबदल जकार्ता ईई 9 मध्ये, 2020 च्या डिसेंबरात झाला आणि टॉमकॅटने तो दहाव्या आवृत्तीपासून घेतला. क्लास सापडला नाही तर जावा चूक दाखवते, पण ॲनोटेशनचा क्लास सापडला नाही तर ती ते मुकाट्याने सोडून देते. म्हणून सर्व्हरची आवृत्ती बदलल्यावर अधिकार नसलेल्या खात्याने मुद्दाम दुरुस्ती करून पाहावी आणि 403 (अधिकार नाही) मिळतो की नाही ते डोळ्यांनी पाहावे.

जर्सीमध्ये आपण स्वतः टोकन तपासून ‘सेटसिक्युरिटीकॉन्टेक्स्ट’ने ओळख भरत असू, तर त्या फिल्टरवर ‘प्रायोरिटी’ ॲनोटेशन असलेच पाहिजे. ओळख पटवणाऱ्या फिल्टरचा क्रम 1000, अधिकार तपासणाऱ्याचा 2000, आणि काहीच न लिहिल्यास मिळणारा क्रम 5000 असतो. क्रम न लिहिलेला फिल्टर ओळख भरतो तेव्हा अधिकार तपासून नकार देऊन झालेला असतो, आणि टोकन बरोबर असूनही प्रत्येकाला 403 मिळतो.

स्प्रिंग फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात दोन गोष्टी. ‘हॅजरोल’ ही तपासणी नावाआधी स्वतःहून ‘रोल’ आणि अधोरेषा जोडते, ‘हॅजऑथॉरिटी’ जोडत नाही. डेटाबेसमध्ये उपसर्ग नसेल तर पहिली तपासणी नेहमी फसते. जेडब्ल्यूटी टोकन असेल तर स्प्रिंग मुळात ‘स्कोप’ हा भाग वाचते, आणि कीक्लोक हा लॉगिन सर्व्हर आपले रोल ‘रिअल्म ॲक्सेस’ या वेगळ्या भागात ठेवतो, म्हणून मधला रूपांतर करणारा क्लास आपणच लिहावा लागतो.

आणखी एक प्रकार फक्त गर्दीच्या वेळी दिसतो. पावतीचा एसएमएस पाठवण्यासाठी वेगळा थ्रेड (समांतर चालणारे काम) सुरू केलेला असतो आणि त्या थ्रेडमध्ये कोणीतरी कॉन्टेक्स्टला रोल विचारतो. ओळख ही चालू रिक्वेस्टशी आणि तिच्या थ्रेडशी बांधलेली असते. रिक्वेस्ट संपल्यावर ‘वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट’ला प्रश्न विचारला तर ‘इल्लीगलस्टेटएक्सेप्शन’ येतो. उत्तर मूळ थ्रेडमध्येच घ्यावे आणि नव्या थ्रेडला ते उत्तर द्यावे, कॉन्टेक्स्ट देऊ नये.

शोध लागेपर्यंत धीर न धरता केलेला एक उपाय आमच्याकडेही झाला होता, तो येथे नोंदवतो. क्लायंटने आपला रोल एका वेगळ्या हेडरमध्ये पाठवावा आणि सर्व्हरने तो वाचावा, असा बदल एका सहकाऱ्याने सकाळी सातला, ट्रॉल्या मोकळ्या करण्याच्या कळकळीने केला होता. तो चालला. पण हेडर कोणालाही लिहिता येतो, म्हणजे रोल ज्याच्यावर बंधन घालतो त्याच्याच हाती आपण तो दिला होता. ज्याने पासवर्ड तपासला त्याच्याकडूनच रोल आला पाहिजे. आम्ही तो बदल त्याच दिवशी दुपारी काढला, ‘ग्लासफिश-वेब डॉट एक्सएमएल’मध्ये जुळणीच्या चार ओळी घातल्या, आणि ती फाइल कोडबरोबरच वॉरमध्ये ठेवली, म्हणजे सर्व्हर बदलला तरी ती मागे राहणार नाही.

आता बॉयलर पेटण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही कारखान्याच्या खऱ्या सर्व्हरवर दोन खात्यांनी तीच एक पावती दुरुस्त करून पाहतो. केन अकौंटंटच्या खात्याने दुरुस्ती झाली पाहिजे आणि काटा क्लार्कच्या खात्याने ती नाकारली गेली पाहिजे. तिसऱ्या वेळी कर्ल या कमांडने नाव-पासवर्ड न देता ‘पोस्ट’ पाठवतो आणि 401 येतो याची खात्री करतो. या तिन्ही उत्तरांची तारीख टाकलेली नोंद काट्याच्या केबिनमधल्या वहीत क्लार्कच्या सहीने राहते, आणि ती सही झाल्याशिवाय आम्ही तिथून निघत नाही.